शत्रूची घडण : कोंढाण्याचा उदेभान आणि पर्शियाचा राजपुत्र

सभासदाच्या बखरीत उदेभानाच्या वाट्याला फार थोडी वाक्ये आली आहेत. तो रजपूत आहे, गडाचा किल्लेदार आहे; मावळे कडा चढून आल्याचे कळताच तो शस्त्रानिशी बाहेर पडतो आणि तानाजी मालुसऱ्याला भिडतो. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर हाती येत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करतो. दोघे संतापाने पेटतात आणि दोघेही पडतात. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीनंतर सुमारे पाव शतकाने जिंजीला बसून लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद उदेभानाचे रूप सांगत नाही, त्याच्या दुर्गुणांची यादी देत नाही, त्याला पूर्वेतिहासही देत नाही. तो एवढेच करतो की मोठे योद्धे हे विशेषण दोघांना मिळून वापरतो. पुढच्या तीनशे वर्षांत याच उदेभानाला मराठी कथनपरंपरेने पोवाड्यात, कादंबरीत, मूकपटात, बोलपटात आणि अखेर संगणकाच्या साहाय्याने घडविलेल्या भव्य पडद्यावर पुन:पुन्हा उभे केले. परंतु ते विशेषण मात्र त्याला कोणी परत दिल्याचे दिसत नाही.

नायकाच्या घडणीविषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले आहे. शत्रूच्या घडणीचा विचार त्या मानाने तुरळक आहे, आणि जो आहे तो बहुधा खलनायकाच्या मानसशास्त्राच्या वाटेने जातो. वस्तुत: संस्कृत साहित्यशास्त्राने या प्रश्नाकडे अधिक नेमकेपणाने पाहिले होते. 'काव्यादर्शा'त दंडी दोन मार्ग सांगतो. नायकाचे गुण आधी वर्णून त्यांच्या बळावर शत्रूचे निराकरण दाखवावे, हा एक. शत्रूचेही कुळ, पराक्रम आणि विद्या वर्णून मग त्याच्यावरील विजयाने नायकाचा उत्कर्ष सांगावा, हा दुसरा. आणि तोही आपल्याला आनंद देतो, असे दंडीचे मत आहे. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त केलेला भेद तर येथे विशेष उपयोगी पडणारा आहे. वीररसाचे आलंबन तो 'विजेतव्य' मानतो, म्हणजे ज्याला जिंकावयाचे आहे असा. रौद्ररसाचे आलंबन मात्र 'अरि'. रणांगण तेच, शस्त्रे तीच, रक्तही तेच. परंतु समोरचा माणूस विजेतव्य म्हणून घडविला असेल तर प्रेक्षकाच्या मनात उत्साह जागा होतो आणि अरि म्हणून घडविला असेल तर क्रोध. युद्धवीर आणि रौद्र यांतील फरक ओळखण्याची खूण म्हणून विश्वनाथ चेहऱ्याच्या आणि डोळ्यांच्या लालीकडे बोट दाखवितो. ही खूण नायकाच्या चेहऱ्यावरची असली तरी तिचे कारण मात्र शत्रूच्या घडणीत असते. सभासदाच्या त्या प्रसंगात क्रोध नाही असे नाही. पण तो ढाल तुटल्यावर येतो आणि दोघांना सारखाच वाटून दिलेला असतो.

तुळशीदास शाहिराचा तानाजीचा पोवाडा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. शिवकालीन मानला जाणारा हा पोवाडा ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पोवाड्यांच्या संग्रहामुळे अभ्यासकांच्या हाती आला. बखरीतला किल्लेदार येथे अवाढव्य झाला आहे. त्याच्या अठरा बायका आहेत, त्याचा आहार माणसाच्या मापात बसणारा नाही, आणि मुख्य म्हणजे तो लगेच लढायला येत नाही. मराठे गडावर आल्याचे कळल्यावर तो आधी चंद्रावळी हत्ती पाठवितो. हत्ती पडल्यावर सिद्दी हिलाल येतो. सिद्दी हिलाल पडल्यावर उदेभानाचे बारा मुलगे येतात. तेही संपल्यावर शेवटी उदेभान स्वत: उठतो.

कोल्हापुरातील एका पदव्युत्तर वर्गात बखर आणि पोवाडा यांच्या तुलनेवर चर्चा चालू असता कागलकडचा एक विद्यार्थी याच ठिकाणी थांबला आणि म्हणाला, "या तर लेव्हल्स झाल्या." वर्गात हशा पिकला. तो मात्र गंभीर होता. लहानपणी चुलतभावाच्या जुन्या संगणकावर त्याने जे खेळ खेळले त्यांत असेच होते, असे त्याने सांगितले : आधी शिपाई, मग एखादे अजस्र जनावर, मग सरदार आणि सर्वांत शेवटी मालक. गेम खेळणारी मुले त्या शेवटच्याला 'बॉस' म्हणतात. पोवाड्याला हा शब्द लावण्याने पोवाड्याची अवहेलना होते, असे वर्गातील काहींचे म्हणणे पडले. परंतु विद्यार्थ्याचे निरीक्षण रचनेविषयी होते, आणि रचनेच्या पातळीवर ते अचूक होते. रात्रभर उभे राहून ऐकणाऱ्या श्रोत्यांसमोर शाहिराला एकच झुंज ताणता येत नाही. त्याला चढण हवी असते. शत्रूचे तुकडे करून ते वाढत्या क्रमाने सोडणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो पडद्यापुढे बसलेल्या खेळाडूला गुंतवून ठेवू पाहणाऱ्या रचनाकारालाही तितक्याच गरजेपोटी सुचलेला आहे. शिवाय पोवाड्यातल्या उदेभानाचा कोणाला राग येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. त्याच्या खाण्याचे मोजमाप ऐकताना श्रोता हसतो, तोंडात बोट घालतो. येथे शत्रू अद्भुताच्या आणि थोड्या हास्याच्या प्रांतात गेला आहे. तो विजेतव्य उरलेला नाही, पण अजून अरिही झालेला नाही.

त्या विद्यार्थ्याने ज्या खेळाचे नाव घेतले तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महाराष्ट्रातील तालुक्यातालुक्यांत संगणकाचे वर्ग निघाले, तेव्हा शिकवणाऱ्याची पाठ फिरताच तेथील यंत्रांवर जे खेळ सुरू होत त्यांत हा एक असे. एकाच मालिकेत शत्रूची कल्पना तीन दशकांत कशी बदलत गेली हे पाहण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

या मालिकेचा कर्ता जॉर्डन मेकनर याचा १९८४ चा आधीचा खेळ 'कराटेका' हा होता. त्यातील नायक डोंगरावरच्या गढीत एकेका पहारेकऱ्याशी लढत पुढे सरकतो. त्यात एक गोष्ट अशी होती की खेळाडूने कळ दाबून वाकून नमस्कार केला तर समोरचा प्रतिस्पर्धीही वाकतो. त्याने गुण वाढत नाहीत, वाट मोकळी होत नाही. तरीही ती सोय होती. अखेरीस नायक बंदिवान तरुणीपर्यंत पोहोचतो तेव्हा तो लढाईच्याच पवित्र्यात तिच्यासमोर गेला तर ती एका लाथेने त्याला ठार करते! शत्रू संपला तरी पवित्रा न सोडणारा माणूस स्वत:च शत्रू दिसतो, हे अवघ्या एका हालचालीत सांगण्याचे कसब मोठ्या कादंबरीकारांनाही नेहमी साधत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला यातला नमस्कार नवा वाटू नये. शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये सुरू झालेल्या खासबाग मैदानात आजही कुस्तीला हातसलामीने तोंड फुटते. तालमीच्या भाषेत समोरच्याला शत्रू म्हणत नाहीत. तो 'जोड' असतो. कुस्ती 'लागते' ती जोड ठरल्यावर. वजन, उमर, नाव आणि मेहनत यांचा तोल पाहून ती ठरवणे हे जाणत्या वस्तादांचे काम. ज्याला जोड मिळत नाही तो 'बिनजोड' म्हणून मिरवतो खरा, पण मग मैदानात त्याला करण्यासारखे काही उरत नाही. विश्वनाथाच्या 'विजेतव्य' या संज्ञेला मराठीत प्रतिशब्द शोधायचा झाला तर शब्दकोशापेक्षा तालमीतच जावे लागेल.

१९८९ मध्ये ब्रोडरबंड या कंपनीने ॲपल टू या संगणकासाठी प्रसिद्ध केलेला पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा अशा जोडींचा खेळ आहे. तळघरापासून मनोऱ्यापर्यंत साठ मिनिटांत पोहोचायचे आहे. वाटेत पहारेकरी आहेत, पण ते बहुधा एकेकटे येतात. तलवारीला तलवार लागते, वार अडविता येतो, मागे सरता येते. पहारेकऱ्यांना नावे नाहीत. परंतु प्रत्येकाची सावधगिरी आणि चपळाई थोडी वेगळी असल्याने खेळाडू त्यांना ओळखू लागतो. एक सांगाडा आहे, तो तलवारीने मरत नाही. त्याला खड्ड्यात लोटावे लागते. एक स्थूल पहारेकरी आहे. शेवटी जाफर हा वजीर आहे. पण या खेळातला संस्मरणीय शत्रू यांपैकी कोणी नव्हे. चौथ्या टप्प्यावर एक आरसा वाट अडवितो. राजपुत्राने त्यातून उडी घेतली की पलीकडून त्याचीच छाया निघून धावत जाते. पुढे ती छाया त्याच्या वाटणीचे औषध पिते, त्याच्या तोंडावर दरवाजा बंद करते, आणि बाराव्या टप्प्यावर तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार राजपुत्राच्याच प्राणातून वजा होतो. तिला मारले तर तो मरतो. उपाय एकच : तलवार म्यान करून सरळ तिच्या दिशेने जायचे. दोघे एक होतात आणि जेथे पोकळी होती तेथे पायाखाली वाट उमटू लागते.

या छायेचा जन्म कसा झाला हे मेकनरने २०११ मध्ये प्रकाशित केलेल्या आपल्या रोजनिशीतून समजते. राजपुत्राच्या हालचाली त्याने आपल्या धाकट्या भावाचे चित्रण करून त्यावरून रेखाटल्या होत्या. त्या इतक्या तपशीलवार झाल्या की यंत्राच्या तुटपुंज्या स्मृतीत दुसऱ्या पात्राला जागाच उरली नाही. तेव्हा राजपुत्राच्याच आकृतीच्या ठिपक्यांत किंचित फेरफार करून त्यातून प्रतिस्पर्धी उभा करावा, ही युक्ती पुढे आली. माध्यमाच्या दारिद्र्यातून हा शत्रू निघाला, आणि म्हणूनच तो नायकाच्या मापाचा निघाला. पुढे जागा झाली तेव्हा पहारेकरी आले. माध्यम श्रीमंत होत गेले तसतसे शत्रू वाढले, पण त्यांचे माप बिघडत गेले, असे या मालिकेविषयी ढोबळमानाने म्हणता येते. १९९३ च्या दुसऱ्या भागात साप आहेत, हवेत तरंगणारी मुंडकी आहेत, पक्ष्यांची डोकी असलेले पुजारी आहेत, आणि शत्रू घोळक्याने येऊ लागले आहेत. तो भाग दिसायला अधिक देखणा आहे. स्मरणात मात्र पहिलाच राहतो.

२००३ च्या 'द सँड्स ऑफ टाइम'ने, निदान कथनाच्या बाजूने, या घसरणीला चांगलाच अटकाव केला. (मेकनर या भागाच्या लेखनात पुन्हा सहभागी होता, हे येथे नोंदवायला हवे.) यातील शत्रू म्हणजे वाळूने ग्रासलेली माणसे : राजवाड्यातले नोकर, सैनिक, आणि त्यांच्यात खुद्द राजपुत्राचा बापही. ती तशी झाली कारण वजिराच्या बोलण्याला भुलून राजपुत्रानेच ती वाळू मोकळी केली. म्हणजे ज्यांना मारत पुढे जायचे ते सगळे आपल्याच चुकीचे बळी. नुसत्या लढतीच्या दृष्टीने पाहिले तर हा भाग कंटाळवाणा आहे. तेच तेच जीव पुन:पुन्हा उठतात. पण प्रत्येक वाराला एक ओशाळेपण चिकटलेले आहे, आणि ते निवेदनामुळे आले आहे. सगळी कथा राजपुत्र भूतकाळात सांगतो आहे. खेळाडूच्या हातून तो मेला तर निवेदक घाईघाईने सावरून घेतो की नाही, तसे काही घडले नाही. कीर्तनकाराने आख्यान भरकटल्यावर मूळपदावर यावे, तशी ही गंमत आहे. मात्र ही कथा तो कोणाला सांगतो आहे हे शेवटी कळते, तेव्हा तिचा सगळा अर्थ बदलतो. या खेळाचा आरंभ हिंदुस्थानातील एका महाराजाच्या राजवाड्यावर पर्शियन सैन्याने घातलेल्या घाल्याने होतो. राजपुत्र त्या आक्रमकांपैकी एक आहे. ऐकणारी फराह ही त्या महाराजाची मुलगी. काळ उलटा फिरवून घाल्याच्या आदल्या रात्री तो तिच्यासमोर उभा राहतो आणि जे अजून घडलेले नाही ते सांगतो. शत्रूच्या तोंडून शत्रूच्या मुलीला सांगितलेली ही गोष्ट आहे.

कागलकडच्या त्या विद्यार्थ्याला कोणीतरी विचारले, की हिंदुस्थानातला राजवाडा लुटणाऱ्याच्या बाजूने आपण खेळतो आहोत हे त्याला तेव्हा जाणवले होते का. त्याला ते जाणवले नव्हते. त्याच्या ओळखीत तो खेळ खेळलेल्या कोणालाच जाणवले नव्हते. निवेदकाचा आवाज ज्याच्या गळ्यातून येतो त्याच्या बाजूला श्रोता नकळत जाऊन बसतो, हे कथनमीमांसेतले साधे तत्त्व. पण ते इतक्या उघड उदाहरणाने क्वचितच समोर येते.

पुढच्या वर्षीच्या 'वॉरियर विदिन'मध्ये सगळा नूर बदलला. रक्त, आरडाओरडा, धडाचे दोन तुकडे. राजपुत्र रागावलेला आहे आणि रागावलेलाच राहतो. विश्वनाथाने सांगितलेली डोळ्यांची लाली येथे अक्षरश: चितारलेली आहे. मेकनरचा या भागाशी संबंध नव्हता आणि त्यातील हिंसेविषयी त्याने नापसंती जाहीरपणे व्यक्त केली. तिच्याशी सहमत होणे सोपे आहे. तरीही या भागात दाहाका नावाचा जो पाठलाग करणारा काळपुरुष आहे तो फार चांगला घडविलेला आहे, कारण त्याच्याशी बहुतेक वेळ लढताच येत नाही. केवळ पळता येते. शिवाय एक मुखवटाधारी प्रेतरूप अधूनमधून आडवे येते, आणि पुढे उलगडते की ते दुसरे कोणी नसून मुखवटा चढविल्यावरचा राजपुत्रच आहे. १९८९ ची छाया अशी मागच्या दाराने परत आली. २००५ च्या 'द टू थ्रोन्स'मध्ये ती पुढच्या दाराने येते : राजपुत्राच्या शरीरात दुसरा एक काळा राजपुत्र वस्तीला असतो, बोलतो, टोमणे मारतो. वजीर मारला गेल्यावरही तो उरतो. त्याच्याशी मनाच्या अंधारात अखेरची लढत होते, आणि ती लढून संपत नाही. फराहचा आवाज ऐकून राजपुत्र पाठ फिरवून चालू लागतो तेव्हाच ती संपते. मधली सोळा वर्षे, बदललेले रचनाकार, कितीतरी पटींनी वाढलेले तंत्रबळ, हे सगळे ओलांडून मालिका पुन्हा त्या म्यान केलेल्या तलवारीपाशीच आली. नंतरच्या भागांविषयी थोडक्यात सांगता येईल. २००८ च्या भागात शत्रू पुन्हा एकेकटे झाले, त्यांना पूर्वायुष्यही मिळाले. परंतु नायकाला मरण्याची भीतीच न ठेवल्याने जोडीला अर्थ राहिला नाही. २०१० च्या भागात मालिका काळात मागे गेली आणि शत्रूंच्या झुंडी आल्या.

आता कोंढाण्याकडे परत यावे.

हरि नारायण आपट्यांनी 'गड आला, पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिताना उदेभानाला, म्हणजे त्यांच्या उदयभानूला, कारण दिले. (जाता जाता हेही नोंदवावे की हा 'सिंह' सभासदाच्या बखरीत नाही, तेथे एका गडाच्या बदल्यात दुसरा गड गेल्याचा भाव आहे.) कादंबरीला कार्यकारणभाव लागतो, पोवाड्याप्रमाणे नुसता आडदांडपणा तिला पुरत नाही. म्हणून कमलकुमारी आली, तिचा अभिलाष आला, आणि किल्ला राखणारा रजपूत अधिकारी परस्त्रीचा छळ करणारा झाला. ज्या क्षणी शत्रूला व्यक्तिगत पाप चिकटले त्या क्षणी युद्धाचे स्वरूप बदलले. गड घेणे हे राज्यकार्य होते. आता ते शासन झाले. आपट्यांच्या कथनकौशल्याविषयी शंका नाही आणि त्यांच्या काळाची गरजही समजण्यासारखी आहे. पण 'विजेतव्य' ते 'अरि' हे अंतर मराठीत नेमके कोठे ओलांडले गेले असे विचारले, तर बोट या कादंबरीवर ठेवावे लागते.

ही कादंबरी पडद्यावर आणण्याचे काम कोल्हापूरने केले. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सिंहगड' हा मूकपट १९२३ चा. स्वत: पेंटर त्यात शिवाजी महाराज झाले, धिप्पाड बाळासाहेब यादव तानाजी, आणि तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले शांताराम वृद्ध शेलारमामा. रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरल्याबद्दल हा चित्रपट विशेष नावाजला गेला. मूकपटातला शत्रू बोलत नाही; त्याला जे व्हायचे ते शरीराने आणि चेहऱ्याने व्हावे लागते, आणि मूळचे चित्रकार-शिल्पकार असलेल्या पेंटरांची नजर शरीरावर होती. मात्र या नजरेचा मोह काय करू शकतो हे त्यांच्याच 'सैरंध्री'ने १९२० मध्ये दाखविले होते. भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब उतरला की प्रेक्षकांना तो सोसवेना आणि तो भाग काढावा लागला. शत्रूच्या देहाची विटंबना तंत्राच्या साहाय्याने किती खरी करता येते याचा पहिला धडा मराठी चित्रपटाने कोल्हापुरात गिरवला, आणि तो आजपर्यंत विसरलेला नाही. १९३३ मध्ये प्रभातसाठी शांताराम यांनीच 'सिंहगड' बोलपटाच्या रूपात आणला; आधार पुन्हा आपटे यांचाच.

२०२० च्या आरंभी आलेल्या ओम राऊत दिग्दर्शित 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटात सैफ अली खान याने उदेभान उभा केला. अभिनय म्हणून तो लक्षवेधी आहे. नायकापेक्षा तोच अधिक काळ लक्षात राहतो, अशी कबुली अनेकांनी दिली. हा उदेभान भाजलेली मगर खातो. येथे तुळशीदासाच्या पोवाड्याची आठवण होणे अपरिहार्य आहे, कारण आहाराचे हे सूत्र तिकडूनच वाहत आलेले असावे. परंतु शाहिराच्या तोंडी जे मोजमाप ऐकून मंडळी हसत होती, ते कॅमेऱ्याने जवळून दाखविल्यावर बीभत्स झाले. अतिशयोक्ती शब्दांत राहते तोवर तिच्यात खेळ असतो. तिला मांस, चरबी आणि धूर मिळाला की तो खेळ संपतो. त्याबरोबर प्रेक्षकाचा उत्साहही क्रोधाकडे आणि किळसेकडे वळतो. तानाजीचा पराक्रम मग पराक्रम राहत नाही. घाण काढून टाकल्याचे समाधान तेवढे उरते. नायकाचे यात नुकसान आहे, ही गोष्ट अशा चित्रपटांच्या चाहत्यांनी तरी मनावर घ्यायला हरकत नाही.

दिग्पाल लांजेकर यांच्या 'शिवराज अष्टका'ची रचना तर जवळजवळ क्रीडामालिकेचीच आहे. 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३) : नायक स्थिर, त्याचा नटही बहुतेक स्थिर, आणि प्रत्येक भागाला नवा शत्रू, बेशकखान, शाइस्ताखान, सिद्दी जौहर, अफजलखान, उदेभान. यातील पहिल्या चार चित्रपटांचा क्रम पाहिला तर मालिका इतिहासात उलटी चाललेली दिसते : १६७३, १६६३, १६६०, १६५९. कालक्रम मोडून ती अधिक गाजलेल्या, अधिक अवाढव्य शत्रूकडे चढत जाते. हा शाहिराचाच हिशेब आहे. यातले दोन चित्रपट कोल्हापूरकरांच्या अंगणातले, पन्हाळ्याचे. पन्हाळ्याला चार महिन्यांहून अधिक काळ वेढा घालून बसलेला, पावसाळ्यातही तो न उठविणारा सिद्दी जौहर हा खरे तर उत्तम विजेतव्य आहे. त्याची चिकाटी मोठी नसती तर १६६० च्या आषाढातली ती पलायनाची रात्र आणि घोडखिंडीतले बाजीप्रभूंचे मरण यांना अर्थच राहिला नसता. दंडीचा दुसरा मार्ग येथे आयता चालून आला होता. पडद्यावर या चिकाटीला जेवढा वेळ मिळतो त्याहून त्याच्या करड्या चेहऱ्याला अधिक मिळतो.

प्रेक्षकाला हेच हवे असते, हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. पण क्रीडामालिकेचा अनुभव वेगळे सांगतो. कोट्यवधींची गुंतवणूक असलेल्या, तरुणांच्या रागावरच ज्याचा धंदा चालतो अशा माध्यमातही एका मालिकेला शत्रूच्या जागी पुन:पुन्हा आरसा ठेवता आला, आणि खेळाडूंनी लक्षात ठेवले ते तेच प्रसंग. त्या वर्गात अखेरीस खरा प्रश्न आला तो अशा खेळांशी काडीचाही संबंध नसलेल्या एका विद्यार्थिनीकडून. तिने उदेभान आधी पडद्यावर पाहिला होता आणि बखर नंतर वाचली होती. सभासदाने त्याला मोठा योद्धा म्हटले, म्हणजे सभासदाला त्याचे काळे धंदे माहीत नव्हते का, असा तिचा प्रश्न होता. ज्या काळ्या धंद्यांविषयी ती बोलत होती ते बखरीच्या कितीतरी नंतर कल्पिलेले होते. पण तिच्या वाचनात तेच आधीचे होते आणि बखर ही त्यांच्यावर पांघरूण घालणारी ठरली होती. स्वराज्याच्या बाजूने, छत्रपतींच्या आज्ञेने, शत्रू अजून दाराशी असताना लिहिणाऱ्या माणसाला जे औदार्य सहज जमले, ते आजच्या वाचकाला फितुरीसारखे भासू लागले आहे. वर्गात यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग तालमीत जाणारा एक मुलगा म्हणाला की जोड हलकी असती तर सुभेदार पडलेच नसते. त्याच्या बोलण्यात शास्त्र नव्हते. पण बखरीतल्या त्या प्रसंगाचे याहून नेमके वाचन त्या दिवशी दुसरे कोणाचे झाले नाही.

सिंहगडावर जाणारा माणूस तानाजीच्या समाधीपुढे उभा राहतो, दही आणि पिठलेभाकरी खातो, आणि बहुधा तेथूनच परततो. कल्याण दरवाजाच्या मागच्या अंगाला वर एक टेकडी आहे, तिच्यावर एक चौथरा आहे. तो उदेभान राठोडाचे स्मारक म्हणून दाखविला जातो.